पांढरा कोंबडा आणि काळा पँथर : अलाबामातल्या लाउंड्स काउंटीचं प्रकरण

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचं निवडणूक चिन्ह होतं पांढरा कोंबडा. मतपत्रिकेवर त्याच्या डोक्यावर छापलेलं असे ‘गोऱ्यांचं वर्चस्व’, आणि पायाशी ‘न्याय्य बाजूसाठी’. यात चोरीछुपे काही नव्हतं, सरकारी मतपत्रिकेवरच तसं छापलं जाई. १९६६ च्या जानेवारीत पक्षानं ‘गोऱ्यांचं वर्चस्व’ हे शब्द काढले आणि तिथं ‘डेमोक्रॅट्स’ घातलं. कोंबडा तसाच राहिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात लाउंड्स नावाच्या एका खेडवळ काउंटीत त्या कोंबड्यासमोर एक नवं चिन्ह उभं राहिलं : झेप घेणारा काळा पँथर.

पँथर म्हणजे आपला काळा बिबट्या. महाराष्ट्रात मात्र हा शब्द बिबट्याच्या आधी एका संघटनेची आठवण करून देतो. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर उभी केली. नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, हे सर्वांना ठाऊक आहे. पण कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी १९६६ च्या ऑक्टोबरात तो पक्ष काढला, तेव्हा त्यांनी तरी हे चित्र कुठून आणलं? ते आणलं लाउंड्समधून. बंदुका खांद्यावर घेतलेले शहरी तरुण ही त्याची नंतरची ओळख. मुळात ते कापूस वेचणाऱ्या माणसांचं निवडणूक चिन्ह होतं. शेरीफ, कर अधिकारी, शाळा मंडळ असल्या अगदी स्थानिक जागांसाठीच्या निवडणुकीतलं.

म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं. काळी माणसं लोकसंख्येत पाचात चार, आणि मतदार यादीत शून्य. हे कसं जमवून आणलं गेलं, कुणी मोडलं, आणि मोडल्यावर हाती काय आलं, हे सगळं या एका काउंटीत डोळ्यांसमोर दिसतं. माझं म्हणणं एवढंच आहे की लाउंड्समध्ये प्रत्येक वळणावर प्रश्न मताचा दिसतो, पण खाली उकरलं की तो जमिनीचा निघतो.

काळी माती

सेल्मा आणि माँटगमरी ही दोन शहरं जोडणारा महामार्ग क्रमांक ८० जिथून जातो, तो मधला पट्टा म्हणजे लाउंड्स. १८३० मध्ये ही काउंटी झाली. मुख्यालय हेनव्हिल, बाकी फोर्ट डिपॉझिट, व्हाइट हॉल, मोझेस, गॉर्डनव्हिल अशी लहान गावं. या सबंध टापूला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात, ते तिथल्या काळ्या, चिकट, सुपीक मातीवरून. आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको : काळी माती आली की कापूस आला. तिथं कापसापाठोपाठ गुलाम आले, आणि गुलामी संपल्यावर त्यांची मुलं-नातवंडं त्याच जमिनींवर बटईनं राबू लागली. बियाणं मालकाचं, खेचर मालकाचं, दुकान मालकाचं, उचल मालकाच्या वहीत. हंगाम संपला की हिशेबही मालकच करणार.

काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुक्यासारखी समजा, पण एक मोठा फरक आहे. आपल्याकडे तहसीलदार आणि ठाणेदार वरून नेमून येतात. तिथं पोलिसांचा प्रमुख म्हणजे शेरीफ, जमीन-मालमत्तेवर कर आकारणारा, तो वसूल करणारा, संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर, शाळा मंडळाचे सदस्य हे सगळे तिथल्या तिथं मतदानानं निवडले जातात. मतदार यादी ज्याच्या मुठीत, त्याच्याच मुठीत पोलीस, कर आणि शाळा. ज्यूरीही काउंटीतल्याच लोकांतून निवडायची.

यादवी युद्धानंतर काही वर्षं काळे पुरुष मतदान करत होते, निवडूनही येत होते. मग दडपशाहीनं ते मागे रेटले गेले, आणि १९०१ च्या राज्यघटनेनं साक्षरतेची परीक्षा, मालमत्तेची अट आणि मतदानावरचा कर घालून दार कायमचं लावून घेतलं. १९३५ मध्ये इथल्या कापूस वेचणाऱ्यांनी मजुरीसाठी संप केला, तेव्हा खून पाडून तो मोडला. ‘रक्ताळलेलं लाउंड्स’ हे नाव उगाच पडलं नव्हतं.

१९६५ उजाडलं तेव्हा काउंटीची लोकसंख्या पंधरा हजारांच्या आसपास होती, त्यातले सुमारे ८० टक्के काळे. मतदार यादीत एकही काळं नाव नव्हतं. गोऱ्यांची नावं मात्र मतदानाच्या वयाच्या जिवंत गोऱ्यांपेक्षा जास्त होती. मेलेली आणि गाव सोडून गेलेली माणसंही यादीत मुक्काम करून होती.

यादीतलं पहिलं नाव

नावनोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच सोमवारी उघडायची, पहिल्या आणि तिसऱ्या. १ मार्च १९६५ हा पहिला सोमवार. त्या दिवशी तीन-चार डझन काळी माणसं हेनव्हिलच्या कचेरीत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. त्यांच्यात जॉन ह्युलेट होता. गॉर्डनव्हिलमध्ये जन्मलेला, बर्मिंगहॅममध्ये नोकरी आणि चळवळ दोन्ही केलेला, १९५९ मध्ये गावी परतलेला. पुढच्या खेपेला नोंदणी जुन्या तुरुंगाच्या इमारतीत हलवली होती. नाव घालायला या, पण तुरुंगात या. तरीही लोक गेले. त्या महिन्यात दोघांची नावं यादीत चढली : ह्युलेट आणि एक अंध धर्मोपदेशक. काही दिवसांतच लोकांनी मानवी हक्कांसाठी स्वतःची संघटना काढली आणि ह्युलेटला अध्यक्ष केलं.

काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठीचा सेल्मा ते माँटगमरी हा प्रसिद्ध मोर्चा निघाला तो २१ ते २५ मार्चला. महामार्ग लाउंड्समध्ये अरुंद होत असे, म्हणून तेवढ्या भागात फक्त ३०० जणांनी चालावं, असा कोर्टाचा हुकूम होता. जगभरचे कॅमेरे त्या ३०० जणांकडे पाहत असताना स्टोकली कारमायकल नावाचा २३ वर्षांचा कार्यकर्ता रस्त्याच्या कडेला मोर्चा पाहायला आलेल्या गावकऱ्यांशी बोलत होता, नावं आणि पत्ते वहीत टिपत होता. विद्यार्थ्यांची जी संघटना ‘स्निक’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते, तिचा तो माणूस. मोर्चा पुढे गेला, कॅमेरे गेले. कारमायकल आणि त्याचे साथीदार ती वही घेऊन लाउंड्समध्येच थांबले. या प्रकरणातला सर्वांत निर्णायक क्षण निवडायचा झाला तर मी तो निवडीन. माँटगमरीत विधानभवनाच्या पायऱ्यांवर झालेली भाषणं नव्हे.

त्यांना राहायला घर कुणी दिलं, हेही पाहण्यासारखं आहे. व्हाइट हॉलच्या मॅथ्यू जॅक्सन यांच्या कुटुंबानं आपलं एक घर दिलं. जॅक्सन कुटुंबाची स्वतःची जमीन होती. त्या भागात अशी काही काळी कुटुंबं होती, १९३०च्या मंदीनंतर केंद्र सरकारच्या योजनेतून जमिनी मिळालेली. बटईनं राबणाऱ्यानं कार्यकर्त्याला ओट्यावर बसवलं तरी संध्याकाळपर्यंत मालकाचा निरोप यायचा. ज्याच्या नावावर जमिनीचा कागद होता, त्याला घरातून काढणार कोण? पुढारी तिथूनच निघाले.

हेनव्हिलचं दुकान

२५ मार्चला, मोर्चा संपला त्याच रात्री, डेट्रॉइटहून मदतीला आलेल्या व्हायोला लिउझो यांना लाउंड्समधल्या महामार्गावर गाडी चालवत असताना कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक संघटनेच्या माणसांनी गोळी घातली. त्या ३९ वर्षांच्या होत्या, पाच मुलांच्या आई.

६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांची सही झाली, आणि चारच दिवसांत केंद्राचे नोंदणी अधिकारी फोर्ट डिपॉझिटला येऊन बसले. साक्षरतेची परीक्षा गेली. रांगा लागल्या. १४ ऑगस्टला त्याच गावात तरुण मुलांनी काळ्यांना वेगळी वागणूक देणाऱ्या दुकानांसमोर निदर्शनं केली, तेव्हा त्यांना धरून हेनव्हिलच्या तुरुंगात टाकलं. त्यांच्यात जोनाथन डॅनियल्स होता. न्यू हँपशरचा, २६ वर्षांचा, धर्मोपदेशक होण्याचं शिक्षण घेणारा गोरा मुलगा.

२० ऑगस्टला, शुक्रवारी दुपारी, त्यांना अचानक सोडून दिलं. न्यायला गाडी नाही. अलाबामातलं ऑगस्टचं ऊन, सहा दिवसांची कोठडी, घशाला कोरड. चौघं जण कोपऱ्यावरच्या एका लहान दुकानाकडे थंड सोडा घ्यायला निघाले : डॅनियल्स, शिकागोहून आलेले कॅथलिक पाद्री रिचर्ड मॉरिसरो आणि दोन काळ्या तरुणी. त्यातली रूबी सेल्स १७ वर्षांची. काळ्यांना माल देणारी दुकानं थोडी होती, हे त्यांतलं एक. दारात टॉम कोलमन उभा होता. महामार्ग खात्याचा नोकर, शेरीफचा मानद मदतनीस, हातात शॉटगन. त्यानं शिवी देऊन निघून जायला सांगितलं आणि बंदूक रूबीवर रोखली. डॅनियल्सनं तिला धक्का देऊन बाजूला पाडलं. गोळी त्याला लागली, तो जागीच गेला. दुसरी गोळी पाठ फिरवून पळणाऱ्या मॉरिसरोंना लागली. ते वाचले.

राज्याचे ॲटर्नी जनरल रिचमंड फ्लॉवर्स यांना कोलमनवर खुनाचा आरोप हवा होता. न्यायाधीशांनी त्यांनाच खटल्यातून बाजूला केलं. आरोप राहिला सदोष मनुष्यवधाचा. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीपुढे बचाव असा होता की डॅनियल्सकडे चाकू होता. ३० सप्टेंबरला कोलमन निर्दोष सुटला. १९९७ मध्ये म्हातारपणी मरेपर्यंत तो तिथंच राहिला.

बहुतेक ठिकाणी ही हकिगत इथं संपवतात, आणि मला ते खटकतं. कारण लाउंड्सची माणसं तिथं थांबली नाहीत. गार्डेनिया व्हाइट आणि इतरांनी केंद्राच्या कोर्टात दावा लावला : या काउंटीच्या ज्यूरीतून काळ्यांना वगळतात आणि बायकांनाही. अलाबामाचा कायदा तेव्हा स्त्रियांना ज्यूरीत बसूच देत नव्हता. पॉली मरे आणि डोरोथी केन्यन या दोन वकील स्त्रिया त्या दाव्यामागे होत्या. फेब्रुवारी १९६६ मध्ये तीन न्यायाधीशांनी दोन्ही बाबी घटनाबाह्य ठरवल्या. जिथं एका मुलीवर बंदूक रोखली गेली, त्या काउंटीतून सबंध राज्यातल्या बायकांना ज्यूरीच्या बाकावर बसण्याचा हक्क मिळाला.

कायद्याचं पुस्तक

आता मतं होती. ती द्यायची कुणाला?

डेमोक्रॅटिक पक्षात शिरा, आतून बदला, असा सल्ला देणारे पुष्कळ होते. पण लाउंड्सच्या डेमोक्रॅट पुढाऱ्यांनी काळे उमेदवार येणार असं दिसताच शेरीफसारख्या पदांच्या उमेदवारीची फी ५० डॉलरवरून ५०० डॉलरवर नेली. आणि चिन्ह तोच कोंबडा.

स्निकच्या संशोधन विभागाचा जॅक मिनिस अलाबामाचं कायद्याचं पुस्तक चाळत बसला आणि त्याला एक जुनं कलम सापडलं. एका काउंटीपुरताही स्वतंत्र पक्ष काढता येतो. मोठे पक्ष आपले उमेदवार मतदारांकडून निवडून घेतात त्या प्राथमिक निवडणुकीच्याच दिवशी जाहीर सभा घेऊन उमेदवार निवडायचे. न वाचता येणाऱ्यांसाठी पक्षाला चिन्ह हवं. आणि नोव्हेंबरात २० टक्के मतं मिळाली की पक्षाला पुढे कायमची मान्यता. काळ्या मतदारांना निरक्षर म्हणून ज्या व्यवस्थेनं साठ-पासष्ट वर्षं बाहेर ठेवलं, तिच्याच कायद्यात निरक्षरांसाठी चिन्हाची सोय होती! १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आपल्याकडे बैलजोडी, झोपडी अशी चिन्हं ज्या कारणानं आली, नेमकं तेच कारण.

अशी लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन उभी राहिली. चिन्ह तयार करण्याचं काम रूथ हॉवर्ड या कार्यकर्तीकडे आलं. तिनं आधी कबुतर सुचवलं, ते कुणाला पटलं नाही. मग अटलांटातल्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंचं बोधचिन्ह असलेला पँथर तिनं घेतला. ह्युलेटनं त्याचा अर्थ गावाला समजेल असा सांगितला : पँथर कुणाच्या वाटेला जात नाही, त्याला रेटलं तर मागे सरतो, पण कोपऱ्यात कोंडला की जिवावर उदार होऊन बाहेर येतो. मागे सरायला जागा न उरलेल्या लोकांना वेगळं स्पष्टीकरण लागलं नाही.

खरी कसोटी मतदारांची तयारी ही होती. शेरीफचं काम नेमकं काय, कर आकारणारा काय करतो, हे कुणाला कधी कळूच दिलं नव्हतं. जेनिफर लॉसन या तरुण कार्यकर्तीनं चित्रांच्या पुस्तिका केल्या : एका पानावर शेरीफ, त्याची कामं, त्याचे अधिकार, त्यानं काय करायला नको. त्या चर्चमध्ये, शेताच्या बांधावर, घराघरांत फिरल्या. शिकवणी अशी की उमेदवार सरकार चालवायला शिकतोय आणि मतदार त्याला जाब विचारायला. पक्षाच्या सभेत उमेदवार ॲलिस मूर यांचं भाषण मिनिटभराचं होतं. त्या करआकारणीच्या पदासाठी उभ्या होत्या. श्रीमंतांवर कर लावून गरिबांना खाऊ घालीन, एवढंच त्या म्हणाल्या. काउंटीतल्या मोठ्या जमिनींवरचा कर किती सवलतीनं आकारला जातो, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

३ मे १९६६ ला प्राथमिक निवडणूक होती आणि त्याच दिवशी ही सभा. शेरीफनं कोर्टाच्या आवारात सभेला नकार दिला, तेव्हा जवळच्या बॅप्टिस्ट चर्चपाशी ती झाली. सुमारे ९०० जण आले, आणि चिठ्ठ्या टाकून सात उमेदवार ठरले. इथं एक अवघड निवड होती, ती सोपी होती असं भासवणं अन्यायाचं होईल. या सभेत मत देणाऱ्याला डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देता येत नव्हतं. आणि तिथं गव्हर्नरपदासाठी उभे होते रिचमंड फ्लॉवर्स, कोलमनवर खुनाचा खटला चालावा म्हणून झगडलेले. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या गोटातून त्यांना मत देण्याचा आग्रह होता. लाउंड्सच्या माणसांनी राज्याच्या चांगल्या उमेदवारापेक्षा स्वतःच्या काउंटीचा शेरीफ निवडला. फ्लॉवर्स हरले, तेव्हाचे गव्हर्नर आणि वर्णभेदाचे कट्टर समर्थक जॉर्ज वॉलेस यांच्या पत्नी लर्लीन वॉलेस जिंकल्या. मला लाउंड्सचा निर्णय बरोबर वाटतो. रात्री दार वाजवतो तो शेरीफ असतो, गव्हर्नर नव्हे.

तंबू आणि ट्रक

दरम्यान जमीनमालकांनी आपला हिशेब केला होता. १९६५ चा हंगाम संपताच, यादीत नाव घातलेल्या बटईदारांना घरं सोडायला सांगितलं. पिढ्यान् पिढ्या ज्या जमिनीवर राबले, तिथून भांडीकुंडी उचलून निघा. चळवळीनं महामार्ग ८० च्या कडेला थोडी जमीन विकत घेतली आणि तंबू ठोकले. कुटुंबंच्या कुटुंबं तिथं दोनेक वर्षं राहिली. रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांतून गोळ्या झाडल्या जात, म्हणून पहारे बसवले. लाउंड्समध्ये अहिंसेचं तत्त्व चर्चेत मान्य असे, पण घराघरांत बंदूक होती आणि ती ठेवण्यात कुणाला विसंगती वाटत नव्हती. ह्युलेटही सशस्त्र असे.

८ नोव्हेंबर १९६६. काळ्या मतदारांची नोंद एव्हाना गोऱ्यांच्या बरोबरीला येऊन थोडी पुढेही गेली होती. तरी पँथरचे सातही उमेदवार पडले. शेरीफपदाचे सिडनी लोगन यांना १,६०० च्या वर मतं पडली आणि ते सुमारे सातशेंनी हरले. कारण साधं होतं. मालकांनी मजूर ट्रकमध्ये बसवून मतदान केंद्रावर आणले आणि कुठं खूण करायची ते सांगितलं. तंबूंकडे बोट दाखवायचीही गरज नव्हती. महामार्गावरून जाताना ते सगळ्यांना दिसत होते.

पण सर्वांची मतं ४० टक्क्यांच्या आसपास होती. २० टक्क्यांची अट केव्हाच ओलांडली होती. पक्ष कायदेशीर झाला.

१९७० मध्ये जॉन ह्युलेट शेरीफ म्हणून निवडून आला. पाच वर्षांपूर्वी ज्या कचेरीनं त्याला परत पाठवलं, त्याच गावात आता तुरुंगाच्या किल्ल्या त्याच्याकडे. पोलिसांचा मार, रात्रीच्या धाडी यांना आळा बसला. म्हातारी माणसं हेच आधी सांगत. तो २२ वर्षं शेरीफ राहिला, नंतर प्रोबेट जज, म्हणजे मृत्युपत्रं-वारसा असली प्रकरणं पाहणारा न्यायाधीश झाला, २००६ मध्ये वारला. स्निकचा बॉब मँट्स हाही लाउंड्स सोडून गेला नाही. पुढे तो काउंटीचा कमिशनर झाला. पँथरचा पक्ष मात्र टिकला नाही. आधी तो राज्यातल्या दुसऱ्या एका काळ्या पक्षात मिसळला, आणि काही वर्षांतच ह्युलेटसह सगळे डेमोक्रॅटिक पक्षात गेले. सामान्य माणसानं सरकार चालवायला शिकण्याची ती पुस्तिकांची शाळाही त्याबरोबर बंद पडली. निवडून येणं जमलं. ॲलिस मूर यांचं ते एका वाक्याचं आश्वासन मागेच राहिलं. जमीन ज्यांची होती त्यांचीच राहिली.

आज लाउंड्सची लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास आहे आणि काउंटीच्या बहुतेक पदांवर काळी माणसं आहेत. तीच काळी, चिकट माती आता वेगळ्या तऱ्हेनं छळते. तिच्यात पाणी मुरत नाही, त्यामुळे सेप्टिक टँक तुंबतात. साध्या टाकीऐवजी लागणारी यंत्रणा कित्येक हजार डॉलरची, कुटुंबांना न परवडणारी. कितीतरी घरांच्या मागून एक प्लास्टिकचा पाइप निघतो आणि मैला थेट परसात सोडतो. पाऊस झाला की तो घरात उलटा येतो. आणि टाकी बसवली नाही म्हणून त्याच कुटुंबांवर खटले भरले गेले. लाउंड्समध्येच वाढलेल्या कॅथरिन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इथल्या ५५ जणांची तपासणी झाली, त्यातल्या १९ जणांत अंकुशकृमी या आतड्यातल्या जंताचे अंश सापडले. अमेरिकेतून हा रोग गेला, असं मानलं जात होतं.

२०२१ मध्ये केंद्राच्या न्याय खात्यानं राज्याच्या आरोग्य खात्याची चौकशी सुरू केली. मे २०२३ मध्ये करार झाला : खटले थांबवायचे, कुठं किती वाईट आहे ते मोजायचं, योजना करायची. एप्रिल २०२५ मध्ये नव्या केंद्र सरकारनं तो करार रद्द केला. महामार्ग ८० च्या कडेला, जिथं तंबू होते, तिथं आता राष्ट्रीय उद्यान सेवेचं माहिती केंद्र आहे. आत तंबूची प्रतिकृती उभी केलेली आहे. तिथून आत वळणाऱ्या रस्त्यांवर ते पाइप अजून आहेत.